दुसरा खळगा

त्या राज्यात दिवस आपोआप उजाडत नसे. तो रोज घडवावा लागे, आणि घडवण्यासाठी भांड्यांना रांगेत उभं राहावं लागे.

दूर देशी शिकायला गेलेली लोटी परत निघाली तेव्हा वाटभर तिच्या मनासमोर हीच रांग होती. पहिले माठकाका, अंगभर गारव्याचे थेंब. दुसरा तिचा दादा, तांब्याचा रुंद हंडा, काठोकाठ उजेड भरलेला. तिसरी आई, लांब मानेची सुरई, जिच्या तोंडावरून वारा गेला की सूर निघे. उतार उतरताना आधी दादाचा उजेड दिसेल, मग आईचा सूर कानावर येईल, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. प्रत्यक्षात ती पोचली तेव्हा दिवस मळकट तांबूस होता, धड सकाळ नाही आणि धड संध्याकाळ नाही असा. खालून भांड्याला भांडं लागल्याची खणखण येत होती. रांग होती. घरातून बाहेर आलेली, पण अजून न सुटलेली; सरळ, नेटकी, एकमेकांना चिकटून उभी. तिच्यात कुठेही फट नव्हती. फक्त दादा नव्हता.

दिवस जिथे घडे ते घर उताराच्या पायथ्याशी होतं. त्याला खिडकी नव्हती. एक अरुंद दार, आत एक लांब दगडी ओटा, एवढंच. रोज अंधार सरण्याआधी पलीकडून कुठूनतरी हाक येई. हाक देणाऱ्याला कोणी पाहिलं नव्हतं. हाक आली की भांडी एकामागून एक आत जात, ओट्यावर उभी राहत, आणि मग भिंतीतून हात बाहेर येई.

हाताला डोळे नव्हते. तो चाचपत येई. पहिलं जे लागेल त्यातून गारवा घ्यायचा, दुसरं लागेल त्यातून उजेड, तिसरं लागेल त्यातून सूर, एवढंच त्याला माहीत होतं. भांडं लागलं की तो ओट्यावर बोट आपटून मोजे आणि आत शिरे. माठ आहे की हंडा, म्हातारं आहे की कोवळं, त्याला कळत नसे, आणि त्याने कधी विचारलंही नव्हतं. चौथ्यापर्यंत तो जातच नसे. तिसऱ्याचं काम झालं की हात भिंतीत परत जाई, आणि थोड्या वेळाने घराच्या मागच्या अंगाने दिवस बाहेर पडे.

वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहून ओट्याच्या दगडात तीन खळगे पडले होते. पहिला खोल आणि गोल. दुसरा चांगला रुंद. तिसरा लहानसा, सुरईच्या बुडाला जेमतेम पुरेल एवढा. त्यांच्यापलीकडे दगड सपाट होता.

या सगळ्यांच्या आधी, अगदी उंबऱ्यावर, घंगाळराव उभे असत. ते पालथे होते. हाकेत त्या घराचं जे नाव येई ते मोठ्याने पुन्हा उच्चारणं हे त्यांचं काम. मोजणी त्यांच्यानंतर सुरू होई आणि हात त्यांना शिवतही नसे. पण सगळ्यांत पुढे आपण आहोत, तेव्हा रांग आपलीच, असं ते मानत, आणि त्यांना तसं मानू देण्यात कुणाचं काही जात नव्हतं.

त्या राज्यात नातं धातूवरून ठरत नसे. एका चुलीवर जे तापले ते एका घरचे. म्हणून मातीची सुरई, तांब्याचा हंडा आणि पितळेची लोटी अशी ही मायलेकरं होती.

लोटी लहान होती तेव्हाची गोष्ट. तिने एकदा आत जायचा हट्ट धरला. घंगाळराव म्हणाले, मध्येच जास्तीचं भांडं नको, मागच्यांच्या जागा चुकतील. तेव्हा दादाने आपलं फडकं सोडलं. कड्यावरून उजेड आणताना तो सांडू नये म्हणून याच फडक्याने तो तोंड बांधून घेत असे. त्या दिवशी त्याने लोटीला आपल्या गळ्याशी धरलं आणि दोघांभोवती फडकं गुंडाळून गाठ मारली. हात आला, फडक्यावरून फिरला आणि त्याने दोघांचं मिळून एकच बोट आपटलं. लोटी श्वास रोखून दादाच्या अंगाला चिकटून होती. फडक्याच्या विणीतून उजेड झिरपत होता. पुढे परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात तिला घर आठवलं ते असं, त्या झिरपणाऱ्या उजेडासारखं.

"दादा कुठंय?" तिने रांग सुटल्या सुटल्या माठकाकांना विचारलं.

"आधी टेक जरा. एवढ्या लांबून आलीस."

"काका, दादा कुठंय?"

माठकाकांनी इकडेतिकडे पाहिलं. "कड्यावर गेला होता. उजेड भरायला. रोजच जायचा की. एकदा आला नाही."

"मग?"

"मग काय? हाक आली. हाक थांबते होय कुणासाठी? घंगाळराव म्हणाले, सरका पुढे. मी तर आधीच पहिला. माझ्यामागची सरकली."

"आणि कोणी शोधायला गेलं नाही?"

"रांग पुरी दिसत होती गं," माठकाका म्हणाले. त्यांच्या अंगावरून एक थेंब ओघळला. "पुरी दिसल्यावर शोधायचं कुणाला?"

मागून वाटीमावशी उड्या मारत आली. तिला बातमी सांगायची घाई होती. "आता तिसरी मी आहे बरं का! इतकी वर्षं चौथी उभी राहिले, कधी बोट लागलं नाही अंगाला. आता रोज लागतं. आताचा दिवस माझ्या आवाजावर चालतो." आणि ती खणखणून हसली. लोटीच्या ध्यानात आलं, उतारावर ऐकलेली खणखण हीच. तिसऱ्या जागेवरून हात सूर मागत होता आणि वाटीमावशी जे होतं ते देत होती. दिवसाचा सूरच असा, म्हणूनच की काय, आसपासची भांडी एकमेकांना जरा टाकून बोलत होती.

मग लोटीने आईकडे पाहिलं.

दुसऱ्या जागेवरून हात उजेड मागे. सुरईत उजेड नव्हता, कधीच नव्हता. पण हात रिकामा जात नसे. जे लागेल ते तो खरवडून नेई. रोज थोडी थोडी माती तो आईच्या आतून खरवडत होता, आणि त्या भाजल्या मातीची लाली म्हणजे आताच्या दिवसाचा उजेड होता. आईची भिंत इतकी पातळ झाली होती की बाहेरून आतली पोकळी जाणवे. शिवाय हंड्याचा खळगा तिला फार मोठा पडे. त्यात ती उभी राहिली की डुगडुगे, आणि दगडावर तिचं बूड वाजत राही. ठक्. ठक्. इतर भांड्यांना त्या आवाजाची सवय झाली होती. लोटीला झाली नव्हती.

"हा पोचा कुठे पडला?" आईने पहिलं हे विचारलं. तिचा आवाज घसा बसल्यासारखा होता.

"तिकडेच. जुना आहे." लोटी तिला बिलगली, आणि लगेच बाजूला झाली. आपल्या पितळेचा भारही आईला सोसणार नाही असं तिला वाटलं. "तू तिथे का उभी राहतेस, आई?"

"पुढचा गेला, म्हणून मी पुढे आले. आपली जागा आपण ठरवतो का?"

"गाऊन दाखव ना. थोडंसं."

आईने मान वाऱ्याकडे वळवली. वारा तोंडावरून गेला. आतून नुसती फुसफूस आली, चुलीत ओलं लाकूड घातल्यावर येते तशी. आईने हसून मान परत वळवली. दादाचं फडकं तिच्या गळ्यात गुंडाळलेलं होतं.

"त्या दिवशी हे वाळत होतं," ती म्हणाली. "धुऊन टाकलं होतं मीच. म्हणून तो तसाच गेला."

दुसऱ्या दिवशी लोटीने सगळ्यांना घराच्या दारापुढच्या चौकात बोलावलं. ती परदेशातून नितळ पाणी भरून आली होती. इतकं नितळ की भांडी त्यात आपापली तोंडं पाहायला येत. आणि तिने आणखी एक गोष्ट आणली होती, लाकडी बिल्ल्यांची जुडी.

"तिकडे हाताला डोळे आहेत," ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिचं पाणी हिंदकळू लागलं. "तिकडे कोणी कुठेही उभं राहिलं तरी चालतं. ज्याच्या त्याच्या गळ्यात बिल्ला असतो. उजेडाचा बिल्ला सगळ्यांत शेवटी असला तरी हात तिथे जातो आणि उजेडच घेतो. कोणी आलं नाही तर हात थांबतो. विचारतो, उजेड कुठंय? आणि इथे? इथे माझा दादा गेला आणि कोणी विचारलंसुद्धा नाही!"

"विचारायचं काय त्यात?" उंबऱ्यावरून घंगाळराव गरजले. "तिकडचं शहाणपण तिकडेच ठेवून यायचं असतं. इथे रांग आहे. रांगेला नावं लागत नाहीत."

"तुम्हाला कुठे जागा आहे, म्हणून नाव लागेल?" वाटीमावशी पुटपुटली, आणि चौकात हशा पिकला.

हसू आलं की भांडी सैल पडतात. माठकाका पुढे झाले आणि म्हणाले, "घाल बाई माझ्या गळ्यात. एक दिवस करून पाहू." लोटीने त्यांच्या गळ्यात गारव्याचा बिल्ला घातला. आईच्या गळ्यात सुराचा. वाटीमावशीसाठी काय लिहावं ते तिला सुचेना. शेवटी तिने 'आणखी' असं लिहून दिलं.

"आणखी म्हणजे काय गं?"

"म्हणजे... अजून एक."

वाटीमावशीने बिल्ला उलटसुलट करून पाहिला आणि गळ्यात घातला. जुडीत उजेडाचा बिल्ला तेवढा उरला. तो लोटीने आपल्याजवळ ठेवला.

परदेशात शिकवलं होतं तसं तिने बिल्ल्यांना लांब दोरी लावली, म्हणजे बिल्ला भांड्याच्या पुढे लोंबेल आणि आधी तोच दिसेल. दिसेल, नाहीतर निदान बोटांना अक्षरं तरी लागतील, असं तिच्या मनात होतं.

पुढच्या पहाटे हाक आली. घंगाळरावांनी नाक मुरडत घराचं नाव उच्चारलं. भांडी आत गेली आणि लोटी दारापाशी थांबून पाहू लागली. हात भिंतीतून आला. माठकाकांच्या आधी त्याला त्यांचा बिल्ला लागला. त्याने बोट आपटलं. एक. कोरड्या लाकडातून त्याने गारवा घेतला. मग माठकाका लागले. दोन. त्याने त्यांच्यातून उजेड घेतला, थंडगार, ओला. मग आईचा बिल्ला लागला. तीन. त्या फळकुटावर जे लिहिलं होतं ते हाताला काय कळणार? त्याने ते लाकूड दगडावर घासलं, आवाज घेतला आणि तो भिंतीत निघून गेला. आई चौथी राहिली, आणि वाटीमावशी तिच्याही मागे.

त्या दिवशी दिवस बाहेर पडला तो धुक्यासारखा. उजेड होता तो ओला होता, आणि गवतावर दव म्हणून नव्हतं, सगळं करकरीत कोरडं. दिवसभर कुठूनतरी लाकूड घासल्याचा आवाज येत राहिला. आपलं झाकण आपल्यालाच दिसत नाही अशी भांड्यांची गत झाली. दोघातिघांना ठोकरा लागून पोचे पडले. घंगाळरावांनी सगळ्यांचे बिल्ले गोळा करवले आणि चुलीत घातले.

"पाहिलंत ना? आम्ही अडाणी. आम्हाला काय कळतंय!" असं ते ज्याला त्याला सांगत होते.

वाटीमावशी लोटीच्या समोर येऊन उभी राहिली. ती खणखणली नाही. "मला आज पुन्हा बोट लागलं नाही," एवढंच म्हणून ती गेली.

लोटी उताराच्या कडेला जाऊन बसली. आपण आलो ते बरं केलं की वाईट, हे तिला ठरवता येईना. दूर देशी असताना तिने किती वेळा हे योजलं होतं: आपण परत जाऊ, सगळ्यांना नावं देऊ, कोणीही हरवलं तर लगेच कळेल. तिथले तिचे सोबती म्हणत, तू जा, तुझ्या राज्याला तुझी गरज आहे. आता धुक्यात बसून तिला त्यांची आठवण येत होती, आणि त्यांच्याकडे असताना जशी इथली येई तशीच ती येत होती. कड्याकडे जाणारी वाट धुक्यात शिरून नाहीशी झाली होती.

तेवढ्यात वारा सुटला.

आणि सूर आला. अगदी बारीक, फाटका, अर्ध्यावर तुटलेला, पण तोच. लोटीचं सगळं पाणी थरथरलं. ती धडपडत आईपाशी आली. आई ओसरीच्या कोपऱ्यात उभी होती आणि तिलाच नवल वाटत होतं.

"आज खरवडलं नाही ना," आई म्हणाली. "आत थोडा गुळगुळीतपणा आला असेल."

"मग उद्या जाऊच नकोस. चौथी राहा. पाचवी राहा. इथेच राहा."

"आणि सूर?"

"मला ऐकव. मी आहे ना."

आईने मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाली, "तू तिकडे होतीस तेव्हा मी रोज तिसऱ्या खळग्यात उभी राहायचे, आणि सूर दिवसात जायचा. मला वाटायचं, दिवस सगळीकडे जातो, तर तुझ्यापर्यंतही जात असेल. तो काय घरात कोंडून ठेवायला आहे माझ्याजवळ? मला नाही जायचं असं नाही. मला माझ्या खळग्यात जायचंय."

"मग मध्ये जागा सोडून उभी राहा. दादाची जागा सोड."

"सोडली होती. पहिल्याच दिवशी. घंगाळराव ओरडत होते तरी मी मागेच थांबले." आईचा आवाज पुन्हा बसू लागला होता. "हात माठकाकांवरून निघाला, मधल्या हवेतून आला आणि मला लागला. त्याने दोन मोजले. हवा त्याला लागत नाही. दादा नाही हे त्याला कसं कळणार? त्याला मी लागले."

लोटी आईच्या गळ्यातल्या फडक्याकडे पाहत होती. "तेव्हा त्याने दादाचं आणि माझं एकच मोजलं होतं," ती हळूच म्हणाली. "आम्ही दोघं होतो, तरी एक. कारण त्याला आधी फडकं लागलं. आत काय आहे ते तो मागाहून पाहतो."

"हो."

"मग फडक्यात काहीच नसलं तर?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आईने गळ्यातलं फडकं सोडलं. लोटीने ते कशाभोवतीही न गुंडाळता त्याची तीच जुनी गाठ मारली आणि ओसरीच्या दगडावर ठेवलं. फडकं क्षणभर फुगलेलं राहिलं, मग खाली बसलं आणि चिंधीसारखं पडून राहिलं. लोटीने पुन्हा गाठ मारली. ते पुन्हा पडलं.

"उभं राहायला आत कोणीतरी लागतं," आई म्हणाली, आणि म्हणाल्याबरोबर गप्प झाली. कारण त्या राज्यात रिकाम्या भांड्याने घराच्या दारात जायचं नसे. फुटकं गेलेलं चाले, गंजलेलं गेलेलं चाले. रिकामं म्हणजे लाज. आपल्या घरचं कोणी रिकामं रांगेत दिसू नये म्हणून भांडी एकमेकांकडून घोटभर काहीतरी उसनं घेत, पण तशी जात नसत.

आईने फडकं उचलून पुन्हा गळ्यात घातलं. 

पहाटे, हाक येण्याआधी, लोटी कड्याच्या वाटेवर जाऊन उभी राहिली. वाटेच्या सुरुवातीलाच एक सपाट धोंडा होता. उजेड घेऊन उतरताना दादा तिथे क्षणभर टेकत असे. तिने वाकून आपलं पाणी त्या धोंड्यापाशी ओतलं. ते नितळ पाणी, ज्यात राज्यातल्या सगळ्यांनी तोंडं पाहिली होती, मातीत सहज जिरलं. उजेडाचा बिल्ला तिच्याजवळ उरला होता, तोही तिने तिथेच ठेवला. मग ती पालथी झाली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच राहिली.

माठकाका रांगेकडे निघाले होते. त्यांनी ते पाहिलं.

"रिकामी निघालीस?"

"हो, काका."

"असं करत नाहीत पोरी. लोक काय म्हणतील? थोडं घे माझ्यातलं, तळाला पुरेल एवढं."

"तळाला थोडं असलं तरी हात तेच उजेड म्हणून नेईल. काल तुमच्यातलं नेलं तसं."

माठकाकांना ते पटलं, आणि पटलं म्हणूनच त्यांना वाईट वाटलं. "एक दिवसाचं नाही हे. रोज उभं राहावं लागेल. तुला परत जायचं होतं ना? आणखी शिकायचं होतं?"

"तो येईपर्यंत उभी राहीन."

"आणि नाही आला तर?"

लोटीने आईकडे जाऊन तिच्या गळ्यातलं फडकं मागितलं.  आईने स्वतः ते लोटीभोवती गुंडाळलं आणि गाठ मारली. गाठ मारताना ती लोटीच्या पोच्यावर थोडी थांबली.

हाक आली.

घंगाळरावांनी घराचं नाव उच्चारलं आणि पुढचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला. माठकाकांच्या मागून लोटी येत होती. चालताना तिच्यात काहीच हिंदकळत नव्हतं.

"ही रिकामी आहे!" ते ओरडले. "उजेडाच्या जागी रिकामी? अगं, दिवस उजाडेल कसा?"

"नाही उजाडला तर नाही," लोटी म्हणाली. "दादा नाही, हे एकदा सगळ्यांना दिसू दे."

आई तिच्यामागे आली आणि तिसऱ्या खळग्यापाशी थांबली. त्यात वाटीमावशीचा पाय आधीच पडला होता.

"मी नाही मागे जाणार," वाटीमावशी म्हणाली. तिचा आवाज पातळ झाला होता. "मागे दगड सपाट आहे. तिथे कोणी येत नाही. तू काय करणार आहेस त्याचं, लोटी? 'आणखी' लिहून देशील पुन्हा?"

 लोटीजवळ आता काहीच नव्हतं. तिने फक्त म्हटलं, "ते चुकलं माझं, मावशी."

आई पातळ झालेल्या अंगाने वाट पाहत उभी होती. तिने सरक म्हटलं नाही. दारातून वारा आला आणि तिच्या तोंडावरून गेला, आणि कालच्यासारखाच तो सूर निघाला, अर्ध्यावर तुटणारा. वाटीमावशी ऐकत राहिली.

"चौथ्या जागेवर एक बरं होतं," ती म्हणाली. "तिथे तुझा सूर सगळ्यांच्या आधी ऐकू यायचा." आणि ती खणखण न करता उचलली गेल्यासारखी मागे झाली, सपाट दगडावर.

भिंतीतून हात आला. त्याने माठकाकांना चाचपलं आणि बोट आपटलं. गारवा घेतला. मग तो पुढे आला आणि त्याची बोटं फडक्याला लागली. गाठीवरून फिरली. त्याने बोट आपटलं. दोन.

फडक्याखालून बोटं आत शिरली. तळापर्यंत गेली, काठाने फिरली, पुन्हा तळाला आली. खरवडायलाही काही लागेना. आत नुसती पितळेची गुळगुळीत भिंत होती. हात थांबला. तो आजवर कधी थांबलेला कोणी पाहिला नव्हता. रांग श्वास रोखून उभी होती, आणि त्या शांततेत एकच आवाज येत होता. दादाच्या रुंद खळग्यात लहानगी लोटी डुगडुगत होती. ठक्. ठक्.

तिच्या मागे मात्र दगड वाजत नव्हता. आई आपल्या खळग्यात बसली होती, पाणी मातीत जिरावं तशी.

मग हात निघाला, पुढे सरकला, आणि त्याने तिसऱ्यांदा बोट आपटलं.

घराच्या मागच्या अंगाने त्या दिवशी अंधारच बाहेर पडला, दवाने भिजलेला. आणि त्या अंधारात, पहिल्यांदा फाटका आणि मग सावरत सावरत, सूर वर चढू लागला. उतारावरची सगळी भांडी जिथल्या तिथे उभी राहिली. हळूहळू, कोणी न सांगता, एकेकाचं तोंड कड्याच्या वाटेकडे वळलं.